गज्यानं शेवट फोडला नाही

गज्या गेला, आणि बहीण सापडते का ते न सांगताच गेला.

आज वर्ष झालं.

ताडकळसला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवणारा हा माझा दोस्त. कॉम्प्युटर गेमचा भयंकर नाद. त्यातला एक गेम त्यानं माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. एक पोरगी कंदील घेऊन, हरवलेल्या बहिणीला शोधत जुन्या किल्ल्यात उतरते.

मी पहिल्याच दारात मेलो. पुन्हा खेळलो, पुन्हा मेलो.

"गज्या, आत काय हाय रे?"

"कंदिलाचं तेल जपून वापर. दारात सेव्ह कर. आत काय हाय ते इचारायचं न्हाई."

"बहीण तरी सापडती का?"

"लय घाई करायलास तू. अजून हळद लागली न्हाई अन् तू पंगतीत बसलास!"

त्याच्या लेखी जग दोन भागांत होतं. कसं खेळायचं ते सांगणं म्हणजे शिकवणं. पुढं काय होतं ते सांगणं म्हणजे पेपर फोडणं.

त्यासाठी पठ्ठ्यानं दोन ग्रुप काढले होते. 'शिकाऊ' आणि 'पार झालेले'. गेम संपला की शेवटच्या स्क्रीनचा फोटो गज्याला पाठवायचा, तेव्हाच दुसऱ्या ग्रुपात एन्ट्री.

'शिकाऊ'मध्ये कुणी शेवट फोडलाच, तर बाजाराच्या दिवशी त्याच्याकडून सगळ्यांना भजी. मिरचीची.

मी कायमचा शिकाऊ. गज्याला त्याचा कोण आनंद!

मग तो आजारी पडला. परभणीला मोठ्या डॉक्टरांकडं गेला तेव्हा मी आणि त्याची बायको सुनीतावहिनी सोबत होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला, तसा गज्या म्हणाला,

"थांबा डॉक्टरसाहेब. गोळ्या कवा घ्यायच्या, काय खायचं न्हाई, समदं सांगा. शेवट तेवढा फोडू नका."

डॉक्टर हसले. वहिनी हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावून बाहेर गेल्या.

गोळ्या मात्र त्यानं वेळेवर घेतल्या. आणि राहिलेले महिने मजेत खेळला.

तो गेल्यावर एकानं मला शेवटाचा व्हिडिओ पाठवला. मी न बघता डिलीट केला. गज्याला काय तोंड दाखवलं असतं?

या रविवारी गेम पार झाला. एकटाच ओरडलो. आणि सांगायला गज्या नाही म्हणून तिथंच रडलो.

तरी सवयीनं त्याच्या नंबरवर मेसेज टाकला : 'झालो पार. घे ग्रुपात.'

तो फोन आता वहिनींकडं असतो. दुकानही त्याच चालवतात.

उत्तर आलं : 'आधी शेवटच्या स्क्रीनचा फोटो पाठवा भाऊजी. नियम हाय.'

मी हसत फोटो शोधायलाच लागलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोनच आला.

"थांबा, थांबा भाऊजी! फोटो नका पाठवू! मीबी खेळायलेय. तुमच्या शब्दावर घेते ग्रुपात."

मी फोटो शोधायचं सोडलं. वहिनी पुढं म्हणाल्या,

"पहिल्या दारातच मरायलेय सारखी. तिथलं तेवढं सांगा. फुडचं न्हाई."

मी म्हणालो, "तेल जपून वापरा वहिनी. दारात सेव्ह करा."

"हे अगदी ह्यांच्यावानी बोललात," वहिनी म्हणाल्या.

गज्या, बहिणीचं काय झालं ते मला कळलंय. वहिनींना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

दोस्तांनो, त्याला श्रद्धांजली वाहायची तर कमेंटमध्ये शेवट फोडू नका.

फोडला, तर भजी. मिरचीची.