सावळझरीच्या सरपंच, मूळच्या बेळगावकडच्या

हलगेकर मॅडम तीस वर्षं सावळझरीत शिकवत राहिल्या आणि तीसही वर्षं गावाने त्यांना 'बाहेरच्या' म्हणून मनापासून मान दिला. ब्याण्णव साली त्या बेळगावजवळच्या खानापुरातून आल्या, तेव्हा गावच्या खाजगी शाळेला गणिताची शिक्षिका हवी होती आणि वर्ध्याकडच्या आर्वी-तळेगाव पट्ट्यातला एकही गणितवाला तिथे यायला तयार नव्हता. मॅडमनी लग्न केलं नाही. त्यामागची कारणं गावाने काही वर्षं आवडीने शोधली. पुढे पोरं गणितात पास व्हायला लागली तेव्हा नाद सोडला.

बावीस साली त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, नारळ आणि नऊ भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने प्रेमाने विचारलं, "मॅडम, आता गावाकडं कवा जाता?"

"हेच गाव आहे की माझं," मॅडम म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोप समारंभात कशालाही वाजवतात.

त्याच वर्षी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि लक्ष्मणरावांवर संकट कोसळलं. दहा वर्षं ते सरपंच होते. खुर्चीची त्यांना इतकी सवय झाली होती की घरीही ते तशाच एका खुर्चीत बसत. बायकोला, रुख्माबाईंना, उभं करायचं आणि आपण कारभार पाहायचा, असा त्यांचा साधा, लोकशाहीला धरून असलेला विचार होता. रुख्माबाईंनी तो ऐकून घेतला आणि पोळी उलटवत म्हणाल्या, "तुमी सांगान तिथं मी सही करू, अन् वरून चायबी करू? माह्याच्यानं नाई होत."

मग लक्ष्मणरावांना मॅडम आठवल्या. शिकलेल्या, निर्मळ, गोतावळा नाही, आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे नवरा नाही. सरपंचबाई म्हटली की सरपंचपती आलाच. इथे ती जागा आयती रिकामी होती.

"तुमी काऊन घाबरून राह्यल्या, मॅडम? मी आहो नं," ते म्हणाले.

मॅडम घाबरल्या नव्हत्या, त्यांना मोह झाला होता. नाल्यापलीकडच्या वस्तीतली पोरं पावसाळ्यात चपला हातात घेऊन शाळेत येत. तीस वर्षं मॅडमनी त्या चिखलाबद्दल अर्ज लिहिले होते. अर्ज वाचणारी खुर्ची एकदा बघावी तरी, असं त्यांना वाटलं.

समोर खतं-बियाण्यांचे दुकानदार प्रभाकरराव यांच्या पत्नी मंदाबाई उभ्या होत्या, म्हणजे प्रभाकररावच. छाननीच्या दिवशी त्यांनी हरकत घेतली: उमेदवाराचा जन्म बेळगावकडचा, म्हणजे कर्नाटकातला, म्हणजे परराज्यातला. हेच प्रभाकरराव दर एक मेला चौकात "बेळगाव महाराष्ट्राचंच!" असं घसा बसेपर्यंत ओरडत. निवडणूक अधिकाऱ्याने मतदारयादी पाहिली. "नाव आहे यादीत. बेळगाव कोणाचं, ते एक मेला ठरवा," तो म्हणाला.

मॅडम निवडून आल्या. पहिल्याच मासिक सभेला लक्ष्मणराव आपली खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी बसले. ते सदस्यसुद्धा नव्हते.

"लक्ष्मणराव, बाहेर बाक आहे. तिथं हवा पण छान येते बघा."

ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. उभ्या गावासमोर लक्ष्मणराव हवा खायला बाहेर गेले.

पुढे सिमेंट रस्त्याचा ठराव आला. आधीच्या आराखड्यात तो लक्ष्मणरावांच्या गोठ्यापर्यंत जात होता.

"गोठ्यात कोण राहतं?" मॅडमनी विचारलं.

"ढोरं हायेत नं मॅडम," एक सदस्य काकुळतीने म्हणाला.

मॅडमनी रस्ता नाल्यापलीकडच्या वस्तीकडे वळवला. त्या दिवसापासून लक्ष्मणराव आणि प्रभाकरराव, ज्यांनी पंधरा वर्षं एकमेकांच्या घरचं लग्नाचं जेवण घेतलं नव्हतं, एका टपरीवर चहा पिऊ लागले. गावात अशी एकी मॅडमच्या आधी कुणाला घडवून आणता आली नव्हती.

कायदा सरपंचाला सुरुवातीची दोन वर्षं अभय देतो; ती उलटताच अविश्वास ठराव आला. नऊपैकी सात सदस्यांनी सह्या केल्या. सातांपैकी चौघे मॅडमचे विद्यार्थी. 'मनमानी कारभार' हे पहिलं कारण होतं आणि 'सरपंच मूळ गावच्या नसल्याने गावाविषयी आस्था नाही' हे दुसरं. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. पहिल्या कारणाचं त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या कारणाने मात्र जेवण जाईना.

सरपंच थेट निवडून आलेल्या, तेव्हा शेवटचा शब्द ग्रामसभेचा होता, तोही गुप्त मतदानाने. शाळेच्या मैदानावर रांग लागली. रुख्माबाई मत टाकून बाहेर आल्या, तसे लक्ष्मणराव पुढे झाले. "कोनाले देल्लं?"

"गुप्त हाय म्हनते नं सायेब," रुख्माबाई म्हणाल्या आणि पदर सावरत घरी गेल्या.

ठरावाच्या बाजूने दोनशे अडतीस, विरोधात चारशे बारा. मॅडमच्या घरापुढे पोरांनी फटाके लावले. त्यांनी पोरांना अंतर ठेवायला सांगितलं आणि आत जाऊन एकट्याच रडल्या.

विजयाचा वास वर्ध्यापर्यंत गेला. एका पक्षाचे जिल्ह्यातले पुढारी मधुकरराव गाडी घेऊन आले. आर्वीच्या मेळाव्यात त्यांनी मॅडमना हार घातला आणि माईकवर 'या मातीची भूमिकन्या' म्हणून ओळख करून दिली. जिल्हा परिषदेची उमेदवारी पक्की झाली. अर्ज भरायच्या शेवटच्या सकाळी मधुकररावांचा फोन आला.

"मॅडम, कार्यकर्त्यांचा आग्रह आहे. उमेदवार स्थानिक पाहिजे."

"कोण आहे स्थानिक?"

"लक्ष्मणरावांची सूनबाई. आकांक्षा."

आकांक्षा तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन नागपूरहून आली होती.

"आणि मी तेहतीस वर्षं काय आहे मग?"

"तुम्ही, मॅडम, आदरणीय आहात," मधुकरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडमनी त्याच दुपारी अपक्ष अर्ज भरला. शिट्टी चिन्ह मिळालं. एसटीने, ऑटोने, जुन्या विद्यार्थ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या गावोगाव फिरल्या आणि आकांक्षापुढे सहाशे अकरा मतांनी पडल्या. दोन दिवस त्यांनी दार उघडलं नाही. त्यांना राग मधुकररावांचा आला नव्हता. भूमिकन्या म्हटल्यावर आपण क्षणभर खरंच खूश झालो होतो, याचा आला होता.

महिन्याभराने दारात आकांक्षा उभी. हातात जिल्हा परिषदेच्या विषयपत्रिकेची जाडजूड फाईल.

"मामंजी म्हणतात, फक्त हात वर कर. पण मॅडम, कशासाठी वर करून राहिली ते तर कळलं पाहिजे ना?"

मॅडमनी तिला तशीच उभी ठेवली. सहाशे अकरा हा आकडा अजून दुखत होता. पोरगी जाईल असं वाटलं. ती गेली नाही.

"चप्पल बाहेर काढ," शेवटी मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून पाचला ये. वही आण."

पुढच्या सभेत आकांक्षाने नाल्यावरच्या पुलाचा विषय काढला आणि त्याच्या पुढच्या सभेतही काढला. लक्ष्मणराव मॅडमकडे तक्रार घेऊन आले, "माह्या सुनेले तुमी बिघडवून राह्यल्या." मॅडमनी त्यांना चहा दिला.

वर्षभराने पूल झाला. उद्घाटनाच्या फलकावर प्रेरणा म्हणून मधुकरराव, प्रयत्न म्हणून लक्ष्मणराव, विशेष सहकार्य म्हणून प्रभाकरराव यांची नावं होती. तळाशी, बारीक अक्षरात, आकांक्षाचं. मॅडमचं नव्हतं.

रंगाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. तो त्यांचाच विद्यार्थी, रोशन. "मॅडम, कोपऱ्यात जागा हाये. टाकू का तुमचं?"

मॅडमनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. "ते राहू दे. 'प्रेरणा'तला ण बाणाचा असतो, नळाचा नाही. तेवढं नीट कर," असं म्हणून त्या पुलावरून वस्तीकडे निघाल्या. नळाला पाणी आलं नसल्याची तक्रार आली होती.