डावा कौल

खोटं न बोलण्याचा एक मोठा फायदा असतो, असं मी बरीच वर्षं समजत होते. लोक तुमच्याशी दुसऱ्यांदा हुज्जत घालत नाहीत. रत्नागिरीत मी दवाखाना टाकला तेव्हा पहिली काही वर्षं रोज कोणीतरी यायचं. कोणाला आजारपणाचं सर्टिफिकेट हवं, कोणाला मुलीचं वय वाढवून हवं, तर कोणाला पोटात मुलगा की मुलगी ते डोळ्यांच्या खुणेनं कळायला हवं. मी तापट बाई. नाही म्हणायची तेही दरवाजाबाहेर ऐकू जाईल असं म्हणायची. हळूहळू यायचे बंद झाले.

त्यातलीच एक म्हातारी होती, बंदराजवळच्या गावातली. तिच्या धाकट्या मुलाला नोकरीतून गणपतीची रजा वाढवून हवी होती, तेव्हा त्याला कावीळ झाली असं मी लिहून द्यावं म्हणून ती आली. मी बायकांची डॉक्टर, पण तो मुद्दा मी काढलाच नाही. कावीळ झाली तर लिहीन, नाही झाली तर नाही, एवढंच म्हटलं. म्हातारी मला काय काय बोलत जिना उतरली. पुढे वर्षभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मग कोण जाणे कसं, तीच माझी जाहिरात करत फिरायला लागली. गावात कोणाच्या बाळंतपणात काही अडलं की सांगायची, त्या किरिस्तांव बाईकडे जा, ती खोटा सांगायची नाय. मला ते ऐकून बरं वाटायचं. का नाही वाटणार? आपल्या देवासाठी आपण चार पावलं सरळ चाललो आणि ते कोणाला दिसलं, याचं सुख असतंच.

तिची थोरली सून मासे विकायची. आमच्या गल्लीत सकाळी ती आली की तिचा आवाज आधी यायचा, टोपली मागून. माझी तिची घासाघीस वर्षानुवर्षांची. मुडदुशा नरम आहेत म्हटलं तर म्हणायची, "म्याडम, तुमी तपासताव तशा माशाला तपासू नका, तो मेलेलाच हाय." तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. नवरा होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दोन्ही मुलगे बापाबरोबर त्याच होडीवर.

पाळी बंद होऊन बराच काळ लोटल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिने ते लपवलं, बायका लपवतात तसंच. एकदा टोपली उतरवताना तिला चक्कर आली ती माझ्याच दारात, म्हणून मला कळलं. आत नेलं, तपासलं, तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या अस्तरात कर्करोग निघाला. पण अगदी सुरुवात होती. पिशवी काढून टाकली की बहुतेक प्रश्नच मिटणार होता. इतक्या लवकर आमच्या हाती कोणी लागत नाही हो. मी तिला सगळं समजावून सांगितलं, ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "करा. घरी बोलते आणि येते."

ती आली ती मासे घेऊन. ऑपरेशनचं विचारलं तर टोपलीतल्या माशांवर पाणी मारत राहिली.

"देवान डावा दिला, म्याडम."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गावागावांत ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, नवी होडी, सगळं विचारून. सुनेच्या पोटाला सुरी लावायची तर सासूने विचारणारच. आणि पडली डावी.

मी संतापले. बरंच बोलले, त्यातलं थोडं मी लिहूही शकणार नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी एकटी असती तर केला असता. तुमच्यावर माझा भरोसा हाय. पण माजी तीनही माणसा पाण्यात हायत. देवाला डावलून मी पिशवी काढली आणि उद्या होडीला काय झाला, तर मी जगून काय करू?"

गुपचूप करू म्हणावं तर तीच तयार नव्हती. तिच्या हिशेबात हा तिच्या जिवाचा प्रश्नच नव्हता, तो त्या तिघांचा होता.

घरी मी नवऱ्यापुढे आदळआपट केली. ते शाळामास्तर, आमच्या छोट्याशा चर्चच्या कारभारी मंडळातले वडीलही. पाकळ्यांवर माणसाचा जीव टांगतात, वगैरे मी बोलत होते. ते शांतपणे म्हणाले, "रत्नागिरीला यायचं की नाही हे ठरवताना तू किती दिवस गुडघ्यावर होतीस? तूही विचारलंसच की. तुझ्याकडे पाकळ्या नव्हत्या, एवढंच." मी जेवणावरून उठले. राग आला होता, कारण बोलणं खरं होतं.

मग तिचा नवरा आला. होडी बंदराला लागल्याबरोबर आला असणार, कपड्यांना डिझेलचा वास होता. हा माणूस माझ्यासमोर कधी खुर्चीत बसला नव्हता. तो बसला, आणि खाली बघत म्हणाला, "म्याडम, एक उपाय हाय. आमच्या देवळात एकाच गोष्टीचा कौल परत लावत नाय. पण गोष्ट बदलली तर लावतात. मी गुरवाला विचारला. तो बोलला, मी पाकळ्या लावतो, पाडत नाय. प्रश्न नवा असला तर नवा कौल."

"मग?"

"तुमी आयशीला एवढाच सांगा. परत तपासला, आता वायला काय निघाला. दुसरा आजार हाय. बाकीचा मी बघतो. माझा ती ऐकायची नाय, डॉक्टर बदलून आणला तरी त्याचा ऐकायची नाय. तुमचा ऐकेल."

मी त्याला विचारलं, पुन्हा डावी पडली तर? तो म्हणाला, "पडली तर पडली. पण एकदा तरी परत विचारायला मिळेल."

एक वाक्य मागत होता तो. आजार दुसरा आहे. बस्स. त्यात कोणाचं नुकसान नव्हतं, कोणाचा कवडीचा फायदा नव्हता. आणि तरी माझी जीभ उचलेना. मी आयुष्यभर रुग्णांना एकच गोष्ट दिली होती, की या खोलीत जे सांगितलं जाईल ते तसंच असेल. त्या म्हातारीला खोटं सांगून, तिच्या देवापुढे खोटा प्रश्न उभा करायचा, आणि तोही तिचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून? आणि माझ्या देवाला काय सांगायचं? मी म्हटलं, "पुन्हा एकदा तपासते. खरंच काही बदललं असेल तर मी स्वतः येऊन सांगते." तो उठला. बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मला ते बघवेना.

त्या आठवड्यात मी जी प्रार्थना केली ती मी चर्चमध्ये कोणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. प्रभू, तिचा आजार वाढलेला निघू दे. जास्त नको, थोडाच, पण वेगळं काही म्हणता येईल इतका. जिच्या मुलांना मी जगात आणलं, तिचा कर्करोग पसरावा म्हणून मी गुडघे टेकले होते, माझी जीभ स्वच्छ राहावी म्हणून. हे लक्षात आलं तेव्हा मी तशीच उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसले.

सोनोग्राफी केली. पडद्यावर मी पुन्हा पुन्हा बघितलं. जसं होतं तसंच होतं. ना वाढलं, ना सरकलं. दुसरी कोणी बाई असती तर मी आनंदाने तिचा हात दाबला असता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "वाईट हाय काय?" मी म्हटलं, "नाही गो. चांगलंच आहे." आणि पाठ फिरवली.

खरं सांगूनच म्हातारीचं मन वळवावं, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. ती पडवीत सुकट निवडत बसली होती. सून आत दाराशी. तिचा नवरा खांबाला टेकून उभा. मी बसून नीट सांगितलं. आजी, पिशवीत कर्करोग आहे. आत्ता काढली तर ही वाचेल. ठेवली तर कधी ना कधी पसरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुमचा देव माझा नाही, पण मी त्याला कमी लेखत नाही. फक्त मी डोळ्यांनी बघितलंय ते सांगते.

तिने सुकटीतला हात थांबवला. "पयल्या वेळेला जेवढा व्हता, तेवढाच हाय?"

मी सुनेच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे ओठ हलले नाहीत, पण तो काय म्हणत होता ते मला ऐकू येत होतं. त्या क्षणी ते एक वाक्य माझ्या तोंडाशी होतं, खरंच होतं.

"तेवढाच आहे," मी म्हटलं. "म्हणूनच तर सांगते, आत्ताच..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. सुनेकडे वळून म्हणाली, "बघ. वाढला नाय. देव उगाच नाय बोलला." मग माझ्याकडे बघून इतक्या मायेनं म्हणाली, "तुमी आलात म्हणून खरा कळला. दुसरा कोण असता तर घाबरवून कापला असता." मी आवाज चढवला. तिच्या हाताला धरून हलवलंसुद्धा. ती रागावली नाही. निघताना तिने मला कोकमं बांधून दिली. सुनेचा नवरा तोवर मागच्या दाराने निघून गेला होता.

त्यानंतर सून माझ्या गल्लीत मासे घेऊन येईनाशी झाली. टाळत होती. मी निरोप पाठवले, फोन केले. एकदा बाजारात दिसली तेव्हा म्हणाली, "बरी हाय म्याडम, आता जातच नाय अंगावरून." मी म्हटलं, त्याचा काही अर्थ नाही, ये. ती हो म्हणाली. आली नाही. मी रोज सकाळी तिचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि दर वेळी मध्येच थांबायची, कारण पुढे नेमकं काय मागायचं ते कळायचं नाही. नवरा म्हणाले, तू सरळ वागलीस. मी म्हटलं, कोणाशी? मी देवासाठी खोटं बोलले नाही, की त्या गावातल्या माझ्या नावासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. लोकांना ते एकच वाटतं.

पावसाळा सरून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, त्याच्या पुढेमागे ते तिघं एका सकाळी माझ्या दारात उभे राहिले. ती, नवरा आणि म्हातारी. तिला बघितलं तेव्हाच मला कळलं. गालफडं बसलेली आणि पोट तेवढं वर आलेलं. हातात कापडी पिशवी. नवरा भराभरा बोलायला लागला. पोटात पाणी झालं, मुंबईत दाखवलं, तिकडे म्हणाले की आता पिशवीतच नाही, पोटात पसरलंय, फुप्फुसातही गेलंय. म्हणजे आता गोष्ट बदलली ना, म्याडम? गुरवाने कौल लावला. लावल्या लावल्या उजवी पडली.

"उजवा दिला देवान," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. तिने देवळातून आणलेला नारळ आणि अंगारा माझ्या टेबलावर ठेवला. सुनेने पिशवी मांडीवर घेतली. "कपडे घेऊनच आली मी. आजच करा."

मी मुंबईचे रिपोर्ट वाचले. वाचायची गरज नव्हती, पण मला वेळ हवा होता. मग सांगितलं. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पाणी काढता येईल, औषधाने थोडे दिवस मिळतील, दुखणं मी नक्की कमी करीन. कोणी वाद घातला नाही. कोणी दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं नाही. माझ्या तोंडून निघालं म्हणजे झालं, असं तिघांनी धरून टाकलं. नवरा उठून बाहेर गॅलरीत गेला. ती पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा बांधत होती, सोडत होती.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. त्या डोळ्यांत राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते, तो आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग बाय," तिने विचारलं, "देवान आता उजवा का दिला?"

मला विचारत होती. तिच्या देवाबद्दल, मला.

"मला माहीत नाही, आजी," मी म्हटलं, आणि तिने तेही खरं मानलं.