रशियाच्या दुर्बिणीला माझी ताडपत्री

आता हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण हा घोळ मी एकट्याने, पूर्ण शुद्धीत घातलेला आहे. आणि माघार अजूनही घेतलेली नाही.

टीव्ही नुकते रंगीत झाले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही मालाडला राहायचो. आमच्या सुमनचं लग्न ठरलेलं, मे महिना, आणि आमची ही गच्चीवर रुखवताचे पापड लाटत बसायची. रुखवत म्हणजे मुलीच्या आईची परीक्षाच हो! मांडवात सगळं मांडून ठेवायचं आणि विहीणबाईंनी चष्मा लावून बघायचं.

मला वाचता येत नाही. पेपर शेजारचे परब मास्तर वाचून दाखवायचे. एक दिवस म्हणाले, रशियाने आभाळात दुर्बीण सोडली आहे, युरोपवाल्यांनीही सोडली आहे, आणि अमेरिका तर अशी सोडणार आहे की चंद्रावर उदबत्ती पेटवली तरी तिला दिसेल.

मास्तर उठून गेले. मी बसून राहिलो. माझं डोकं सावकाश चालतं, पण एकदा चालायला लागलं की थांबत नाही. चंद्रावरची उदबत्ती दिसते, मग मालाडची गच्ची दिसणार नाही? आणि गच्चीवर आमची ही, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून! आम्हाला विचारलं का कोणी? मोठा देश असेल तो आपल्या घरी.

मांडववाल्याकडून ताडपत्री आणली आणि अख्ख्या गच्चीवर ताणली. हिने कपाळावर हात मारला.

"अहो, तो रशियावालो माझे गुडघे बघून काय करतलो?"

"काही करो. फुकट दाखवायचे नाहीत."

दोऱ्या बांधायला अँटेनांचे खांब सोयीचे पडले. त्यामुळे रविवारी संध्याकाळी, ऐन पिक्चरच्या वेळी, सगळ्या बिल्डिंगच्या टीव्हीवर मुंग्या! वाट लागली. सगळे वर धावले. मी दोरी धरून उभा. म्हटलं, तुमच्या पिक्चरपायी बायाबापड्यांना इतक्या देशांसमोर बसवू? ताडपत्री निघणार नाही.

शेवटी मास्तरांना वर आणलं. ते हळूच म्हणाले, "तात्या, त्या दुर्बिणी ताऱ्यांकडे बघतात. आपल्याकडे त्यांची पाठ असते."

मला तर जास्तच राग आला. आमच्याच डोक्यावर यायचं आणि आमच्याकडेच पाठ करायची? दोऱ्या अँटेनांवरून सोडवल्या, टाकीला बांधल्या आणि ताडपत्री तशीच ठेवली. निषेध म्हणून.

ताडपत्रीखाली ऊन न लागल्याने पापडांना हिरवी लव आली.

लग्नात रुखवताच्या टेबलावर पापडांची परात रिकामी. विहीणबाई परातीसमोरच थांबल्या. हिचे डोळे भरून आले. मग मीच पुढे झालो, सगळं सांगितलं आणि ताठ मानेने म्हणालो, "पापड गेले, पण सुमनच्या आईला एकाही देशाने बघितलं नाही."

विहीणबाईंनी चष्मा काढला.

"आमच्या गच्चीत घालायचे होते की वाळत," त्या म्हणाल्या. "आमचे हे तिथे रोज उघड्या अंगाने बसतात. अजून एकाही देशाची तक्रार आलेली नाही."

सगळा मांडव हसला. सगळ्यात आधी आमची ही.