चेहऱ्याला हळद नको

माझा चेहरा लग्नाच्या काही महिने आधी बिघडला, आणि नेमका तेव्हाच बिघडला म्हणून घरात रडारड झाली. एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

बाबांची बँकेतली नोकरी. बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा मी शाळेत होते. पुढे बाबांच्या आणखी बदल्या झाल्या, पण आई आणि मी बालीगंजच्या फ्लॅटमधून हललो नाही. मी इथेच शिकले आणि एस्प्लनेडला एका ऑफिसात चिकटले. इथली हवा वर्षातले आठ महिने ओल्या टॉवेलासारखी अंगाला लागून असते. मेट्रोतून उतरेपर्यंत चेहरा घामाने निथळायचा आणि मी तो रुमालाने खसाखसा पुसायचे. हनुवटीवर पुळ्या यायच्या, त्या मी फोडायचे आणि मग डाग राहायचे.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एकदा आपणहून एक ट्यूब पुढे सरकवली. "दीदी, रात को लगाइए, फिर देखिए।" मी लावली आणि खरोखरच पाहत राहिले. आठवड्याभरात डाग गेले, वर गालही उजळले. ऑफिसातल्या मुली विचारायला लागल्या आणि मी मान वेळावून म्हणायचे, "काही नाही गं, नुसतं पाणी पिते." इतकी मी चढले होते.

आई तर माझ्याहून खूश होती. मुलगी उजळली याचा आनंद तिला एकटीला पेलवेना. पुढच्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वाण काय लुटायचं यावर दरवर्षी आमच्याकडे खल होतो. डबे झाले होते, गाळण्या झाल्या होत्या. त्या वर्षी आईने तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातावर त्याच मलमाची ट्यूब ठेवली. इतकं कामाचं वाण कुणी आजवर लुटलं नाही, असं सगळ्या म्हणाल्या. आई पुढे कित्येक दिवस त्याच कौतुकावर तरंगत होती.

पावसाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, नोकरीला पुण्यात. लग्न कोलकात्याला, फेब्रुवारीत. त्याच सुमाराला माझे गाल उन्हात गेलं की भाजल्यासारखे लाल व्हायला लागले. वरच्या ओठावर लव दाट झाली. एक रात्र मलम राहून गेलं की सकाळी चेहरा नुसता पेटायचा. म्हणून मी ते आणखी नेमाने लावायला लागले. हे किती उलटं चाललंय हे मला कळत होतं आणि तरी मी लावत होते. शेवटी दुर्गापूजेच्या आधी, ऑफिसातून परस्पर, एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. डॉक्टरने सांगितलं असेल तर आणि तेवढेच दिवस लावायचं औषध आहे हे, गोरं व्हायची क्रीम नाही. तुमची त्वचा पातळ झाली आहे आणि तिला याची चटक लागली आहे. आता बंद करायचं. बंद केल्यावर आधी वाईट होईल, खूप वाईट, आणि मग हळूहळू सुधारेल. त्याला महिने लागतील.

"फेब्रुवारीत माझं लग्न आहे," मी म्हणाले.

"मग आजच बंद करा," त्या म्हणाल्या.

काही गोळ्या दिल्या. बाकी जे सांगितलं ते ऐकून मला हसूच आलं. सौम्य फेसवॉश, तोही दिवसातून दोनदाच. टॉवेलाने चोळायचं नाही, टिपायचं. साधं मॉइश्चरायझर. सनस्क्रीन रोज, ढग असले तरी. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा, चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि यापलीकडे चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. बेसन नाही, लिंबू नाही, हळद नाही, पार्लर नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "लग्न होऊ दे, मग सोड," ती म्हणाली. "एवढे दिवस लावलंस, आणखी चार महिन्यांनी काय होतंय?"

"चार महिन्यांनी आणखी बिघडेल."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता मांडवात कशी दिसशील ते बघ."

मी चिडकी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. आईच्या देखत ट्यूब पिळून रिकामी केली आणि कचऱ्यात टाकली.

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. गाल सुजले, पुळ्यांनी भरले, रात्री आग व्हायची. पूजेत सगळं शहर नटून रस्त्यावर असताना मी खिडकीतून पूजेचे ढाक, इथले मोठे ढोल, ऐकत बसले. मेट्रोत अनोळखी बायका अगदी मायेने विचारायच्या, "ओ मा, मुखे की होयेछे?" म्हणजे चेहऱ्याला काय झालं. पहिल्यांदा मी रडले. मग ठरवलं, उत्तर द्यायचं. "मलमाने झालंय. तुम्ही लावत असाल तर थांबवा." एक बाई पुढच्याच स्टेशनवर डबा बदलून गेली. जाईना का.

खरं अवघड होतं ते दुसरंच. औषधवाल्याचं दुकान रोज वाटेत लागायचं. तो मला बघून मान हलवायचा, पोरीने काय करून घेतलं अशा अर्थाने. पुन्हा एक ट्यूब घेऊन लावली तर एका रात्रीत गाल निवतील, हे मला पक्कं माहीत होतं. हात शिवशिवायचे. मी समोरच्या फुटपाथवरून जायला लागले. तिकडे माशांचा बाजार, चिखल, माणसांची रेटारेटी, पण गेले तिकडूनच. रोज सकाळी तोंड धुवायचं, टिपायचं, दोन क्रीम लावायच्या आणि निघायचं. इतका कंटाळवाणा पराक्रम कुणी केला नसेल. फळ तर दिसतच नव्हतं. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. तरी करत राहिले. मला सुंदर दिसायचं नव्हतं. मला माझा चेहरा परत हवा होता, आणि लग्नाला तोच घेऊन उभं राहायचं होतं.

होणाऱ्या नवऱ्याला मी व्हिडिओ कॉलवर सगळे दिवे लावून चेहरा दाखवला. म्हटलं, नीट बघून घे, नंतर तक्रार चालणार नाही. तो स्क्रीनच्या जवळ आला. मग म्हणाला, "दुखतं का गं?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला आणि हमसून रडले.

डिसेंबरपासून आग कमी झाली. पुळ्या सुकल्या. गाल गुलाबीच होते, डागही होते, पण सकाळी तोंड धुताना चरचरायचं थांबलं. या संक्रांतीला आईने वाण म्हणून कापडी पिशव्या लुटल्या. मंडळातल्या एका काकूंनी मागच्या वर्षीच्या मलमाचं पुन्हा कौतुक केलं. आई नुसती हसली. सगळ्या गेल्यावर मी तिला धरलं.

"सांगितलं का नाहीस त्यांना?"

"लग्न तोंडावर आलंय. आत्ता कशाला? काय म्हणतील सगळ्या, हिने विष वाटलं?"

"मग वाटलंसच की."

आई उरलेला तिळगूळ डब्यात भरत राहिली. मी फार लागट बोलले, हे मला कळत होतं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

हळदीच्या दिवशी हॉलमध्ये वऱ्हाड उतरलं होतं. नवऱ्या मुलाची हळद झाली आणि त्याची उष्टी हळद वाटीतून माझ्याकडे आली. त्याची आत्या पुढे होती, हौशी आणि मोठ्या आवाजाची बाई. आंब्याच्या पानांनी पायाला, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लावून झाली. मग तिने पानं बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे भरून घेतले.

"आत्या, चेहऱ्याला नको," मी म्हणाले.

"नको काय? उष्टी हळद आहे ही. नवरीचं तोंड कोरडं ठेवतात होय?"

"डॉक्टरांनी नाही सांगितलंय. माफ करा, पण नको."

गाणी थांबली. आमच्या मंडळाच्या बायका भिंतीपाशी उभ्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याचे हात तसेच वर होते. "अगं हळदीने कुणाला कधी काही झालंय का? उलट हे डाग जातील," ती म्हणाली आणि माझ्या आईकडे वळली. "सांगा हो तुमच्या लेकीला."

आई गर्दीतून पुढे आली. मी पाटावर बसून तिच्याकडे पाहत होते. मनाशी पक्कं केलं होतं की ती "लावून घे" म्हणाली तरी उठून जायचं, मग काय व्हायचं ते होवो.

आईने आत्याचे दोन्ही हात मनगटाला धरले आणि खाली केले.

"नाही म्हणाली ना ती," आई म्हणाली. "हा चेहरा तिने एकटीने सावरलाय. मी तर तिला तेच मलम लावत राहा म्हणत होते." मग ती भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "मागच्या संक्रांतीला तुम्हा सगळ्यांना मीच दिलं ते. कुणी अजून लावत असाल तर डॉक्टरांना दाखवा. माझं चुकलं."

आत्याने हातावरची हळद माझ्या दंडांना पुसली आणि पुटपुटली, "बरं बाई." कुणीतरी पुन्हा गाणं धरलं.

थोड्या वेळाने मी हात धुवायला आत गेले. संक्रांतीला मलमाचं कौतुक करणाऱ्या मंडळातल्या त्याच काकू मागोमाग आल्या. त्यांनी दार लोटलं, खांद्यावरचा पदर सोडवला, त्याचं टोक नळाखाली ओलं केलं आणि गालावरची पावडर पुसली. खालची कातडी लालबुंद होती.

"सोडलं की असं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मी परत लावते."

मी त्यांचा हात धरला. "होतं. आधी खूप होतं. मग कमी होतं. मी आहे ना समोर."

त्या माझ्या चेहऱ्याकडे, डागांसकट, निरखून पाहत राहिल्या.