आपल्या शाळेत तसलं काय न्हाई

चेअरमनसाहेबांचा फोन आला की आबासाहेब खुर्चीतून उठून उभे राहत. फोनवर समोरच्याला आपण दिसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरी उभे राहत, शर्टाचं वरचं बटण लावत आणि भिंतीवरच्या साहेबांच्या तसबिरीकडं बघत "जी साहेब, जी साहेब" करत. फोन ठेवला की बटण काढून बसत आणि शिपायावर खेकसत. मी मराठी शिकवायला त्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मला त्यांचं पहिलं दर्शन घडलं ते असं. मी ऑफिसात पाऊल टाकलं आणि ते उठले. मला वाटलं, नवीन बाई आल्या म्हणून उठले, केवढा सुसंस्कृत माणूस! तो गैरसमज फोन संपेपर्यंत टिकला.

आमची शाळा दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात, सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेची. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष आणि आबासाहेब आमचे मुख्याध्यापक. कारखान्याच्या निवडणुकीत साहेबांच्या पॅनेलसाठी गावोगाव घसा कोरडा केला होता, त्याचं बक्षीस म्हणून ही खुर्ची मिळाली, असं लोक म्हणत. खोटं म्हणत असतील असं मला कधी वाटलं नाही. त्यांचा विषय इतिहास. पण तास घेताना मी त्यांना पाहिलं नाही. तास चालू असताना खिडकीतून डोकावून मास्तरला पोरांसमोर झापताना मात्र पुष्कळदा पाहिलं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "मला वर जाब द्यावा लागतो." दुसरं, "आपल्या शाळेत तसलं काय न्हाई." मुलींना स्वच्छतागृहात पाणी नाही म्हटलं, तर आपल्या शाळेत तसलं काय न्हाई. परीक्षेत कॉप्या चालतात म्हटलं, तरी तेच. हे म्हणताना ते हातानं माशी उडवल्यासारखं करत. माशी उडत नसे, तक्रार करणारा मात्र उठून जाई.

मुलाला वाचता येत नसेल तर त्यांच्याकडं त्याचंही निदान तयार होतं. "पोराला दोनच रोग असतेत बाई. एक आळस, दुसरा कोयता." आमच्याकडं ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दसरा झाला की कोयते गावोगावचे कारखाने गाठतात, पोरंही त्यांच्यामागं जातात आणि उन्हाळ्यातच परततात. त्यामुळं अभ्यासात मागं पडलेल्या कुठल्याही पोराबद्दल विचारलं की "कोयत्याचं हाय" एवढं सांगून आमची सगळी शिक्षकखोली मोकळी होई. शिकवता येईना, पोरं उसात, असं आम्हा मास्तरांचं छान चाललं होतं.

मग तो दुष्काळ आला. धरणात पाणी राहिलं नाही, ऊस वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. साहेबांनी शाळेच्या मागच्या माळावर जनावरांची चारा छावणी उघडली. पुष्कळ कोयत्यांनी बैल छावणीत बांधले आणि बैलांपाशी माणूस लागतं म्हणून तेही तिथंच पाचटाच्या खोपी घालून राहिले. त्यातलंच एक रेणुकाचं घर. रेणुका नववीत, माझ्या वर्गात. पहिल्यांदाच ती दिवाळीनंतरही शाळेत दिसली.

या रेणुकावर आबासाहेबांचा फार जीव. प्रार्थनेनंतर माईकवर बातम्या वाचायचं काम त्यांनी तिला कायमचं दिलं होतं. आवाज खणखणीत, एक शब्द अडखळत नसे. "वाचावं तर रेणुकासारखं," असं ते रोज बजावत आणि पुढं न चुकता, "कोयत्याची असून," असं जोडत. माझ्या तासाला मात्र ही पोरगी कोड्यात टाकी. एकदा ऐकलेला धडा अर्थासकट सांगायची, कवितेबद्दल असं काही विचारायची की मलाच थांबून विचार करावा लागे. पण वही उघडली तर अर्धे शब्द गायब, उरलेले एकमेकांत घुसलेले. एकदा तिला न शिकवलेला उतारा वाचायला दिला. ती पुस्तकाकडं बघत राहिली, आणि पोट दुखतंय म्हणून खाली बसली.

सुटल्यावर तिला थांबवलं. ती म्हणाली, "बाई, दुसरं अक्षर वाचूस्तोर पयलं निसटतं. पेपर माझी मैतरीण शोभी वाचती. सकाळच्या गाडीनं आला की रस्त्यानं मला वाचून दाविती. मी ध्यानात ठिवते आन् माईकवर सांगते." मग हळूच, "आबासाहेबांला सांगू नका."

मी थक्क झाले. रोजचा पेपर चालता चालता ऐकून पाठ करणारी मुलगी आणि आम्ही तिला काठावर पास करत आलो होतो! तालुक्याला एका प्रशिक्षणात मी ऐकलं होतं की काही मुलांची बुद्धी लख्ख असते, फक्त वाचन-लेखनाची वाट अडते. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा मुलांना परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. आबासाहेबही त्या प्रशिक्षणाला होते. पहिल्या रांगेत बसून जेवणापर्यंत झोपले आणि परतताना जिलेबी चांगली होती म्हणाले.

रेणुकाचं नाव न घेता मी त्यांच्याकडं विषय काढला. "हे पुण्या-मुंबईचे लाड बाई," ते म्हणाले, "आपल्या शाळेत तसलं काय न्हाई." हात हलला. माशी उडाली.

नाव निघालं ते त्यांच्याच हौसेनं. चेअरमनसाहेब छावणीत बैलाच्या तोंडात चारा देतानाचा फोटो काढून घ्यायला आले आणि तिथून चहाला शाळेत. आबासाहेबांची बटणं सकाळपासूनच लागलेली. त्यांनी सगळी शाळा उन्हात बसवली, रेणुकाला पुढं बोलावलं आणि साहेबांच्या हातातला कारखान्याचा अहवाल अदबीनं घेऊन तिच्या हातात ठेवला. "साहेब, कोयत्याची पोरगी हाय. पण शाळेनं कशी घडवली बघा. वाच बेटा."

रेणुकानं अहवाल उघडला. पलीकडं छावणीत बैल हंबरत होते. शोभा खाली मान घालून रडायला लागली होती. मी पुढं होणार एवढ्यात रेणुकानं अहवाल मिटला आणि माईकवरच सांगितलं, "मला वाचता येत न्हाई. कुणी वाचून दावलं तर समदं सांगते."

आबासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "साहेब, कोयत्याचं पोर... सहा म्हैने उसात असतंय..."

"औंदा मी एकबी दिवस चुकले न्हाई, सर," रेणुका म्हणाली. उद्धटपणे नाही. खरं होतं म्हणून.

इतक्या वर्षांत त्या शाळेच्या माईकवरून इतकं शहाणं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एक मुलगी स्वतःचं दुखणं आणि त्यावरचा इलाज दोन्ही सांगत होती. ज्यानं ऐकायला हवं होतं त्याला मात्र स्वतःच्या बेइज्जतीपलीकडं काही ऐकू आलं नाही. साहेब हसले, "असू द्या, चहा सांगा," म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. चहा घेऊन ते निघाले, तेव्हा आबासाहेबांनी त्यांच्या गाडीची धूळ खाली बसायचीही वाट पाहिली नाही. सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "मला फसवलंस! साहेबांसमोर माझी इज्जत घालवलीस!"

संध्याकाळी तिची आई माझ्याकडं आली. हाताला शेणाचा वास, छावणीतून तशीच आलेली. "आमची पोरगी येडी हाय का, बाई?"

"वेडी नाही, तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे," मी म्हटलं. तिला ते खरं वाटलं नसावं. तरी माझ्याबरोबर मोठ्या सरकारी दवाखान्यात यायला तयार झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रेणुकाला निवांत तपासलं आणि मी म्हणत होते तेच सांगितलं. बुद्धी उत्तम. लेखनिक द्या, प्रश्न वाचून दाखवा, मुलगी पुढं जाईल. आता फक्त मुख्याध्यापकांनी सही करून अर्ज वर पाठवायचा होता.

आबासाहेबांनी सही केली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "म्हंजे माझ्या शाळेत असली पोरं हायेत असं मीच लिहून देऊ? मला वर जाब द्यावा लागतो." मी तालुक्याला गेले. तिथले शिक्षण खात्याचे अधिकारी म्हणाले, अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच यायला हवा. मी चेअरमनसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, शाळेतलं आबासाहेब बघतात. असे हे तिघं एकमेकांकडं बोट दाखवत राहिले आणि वार्षिक परीक्षा आली.

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच कच्ची पोरं चाळून बाजूला काढायची, ही आबासाहेबांची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या चाळणीत त्यांनी रेणुकालाही नापास करून बाजूला काढलं. मी ऑफिसात जाऊन तोंडावर सांगितलं, "ती नापास झालेली नाही. तुमची फजिती झाली, तिची शिक्षा तिला देताय." ते शांतपणे म्हणाले, "बाई, संस्थेच्या आणखी शाळा हायेत. तिकडं आष्टीकडं जागा रिकामी हाय, जाता का?" कुणाला कशाची भीती घालायची हे त्यांना चांगलं कळे. शिकवण्यातलं सोडून बाकी सगळंच कळे.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं. कारखान्याचा बॉयलर पेटला, साहेबांच्या गळ्यात हार पडले. रेणुका दहावीऐवजी उसात गेली आणि त्याच हंगामात तिचं लग्न लागलं. तिचा स्वतःचा कोयता झाला. आमच्या शाळेचा निकाल मात्र शंभर टक्के लागला, फटाके वाजले. मी त्या दिवशी पेढा खाल्ला नाही. आबासाहेबांच्या ते लक्षातही आलं नसेल.

परवा आबासाहेब गेले. संस्था त्यांच्यावर स्मरणिका काढते आहे. दोन तरुण मास्तर माझ्याकडं लेख मागायला आले. मी रेणुकाची गोष्ट सांगितली, तसे बिचारे अवघडले. "मॅडम, गेलेल्या माणसाचं एखादं तरी चांगलं लिहा ना. त्यांचा एखादा गुण असेलच."

मी मनापासून आठवून पाहिलं. गुण एकच सापडला, तो लिहून देते. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. रेणुकाच्या प्रगतिपुस्तकावर 'नापास' हा शब्द त्यांनी इतका वळणदार लिहिला होता की तिची आई, जिला वाचता येत नव्हतं, ती त्यावरून बोट फिरवत मला म्हणाली, "सरांनी काय तरी चांगलंच लिवलं आसंल न्हवं, बाई?"