तिसरा गोळा

माझी भाची गाड्या रंगवते. वीस वर्षांची पोर, पण तिने रंगवलेल्या दारात चेहरा बघून खुशाल केस विंचरावेत! रंग वाळला का हे बोट लावून बघितलं तर ठसा उमटतो, म्हणून गॅरेजातली मंडळी वासावरून ओळखतात. हीसुद्धा प्रत्येक थरानंतर मास्क खाली करून नाक दाराजवळ न्यायची. त्या वाफांनी दोन वर्षांत फुप्फुसं सुजली आणि जिना चढताना तिला धाप लागू लागली.

तीन महिने ती माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी व्यायामाचं यंत्र दिलंय. नळीतून श्वास ओढला की तीन गोळे एकेक करून वर चढतात. "तिसरा टिकला की कामाचं बोलू, तोवर गॅरेजचं नावही नको," असं त्यांनी बजावलं होतं.

आज सकाळी मी खोलीत डोकावले, तर तिसरा गोळा थरथरत वर!

"ओढ गं, ओढ! सोडू नकोस!" मी ओरडले.

आमचे हे दाढी अर्धवट टाकून धावत आले. "अगं, गोळा तिने चढवायचाय, तू नाही!"

तिला हसू फुटलं आणि गोळा टपकन खाली आला.

"काका! चढला होता ना! आता दोघंही तोंडातून अक्षर काढू नका."

आम्ही मुकाट उभे राहिलो. पहिला चढला, दुसरा चढला, मग तिसरा. मी मनात पाच मोजले, तरी तो वरच!

नळी काढून ती धापा न टाकता म्हणाली, "मावशी, डॉक्टरांना फोन लाव. आजचीच वेळ माग."