कुस्त्यांच्या दिवशी झालेली घरफोडी

निजामाच्या अमलात आमच्या जालन्यात दर वर्षी कुस्त्यांची दंगल भरायची. त्या दुपारी आमच्या मस्तगड मोहल्ल्यातले झाडून सारे पुरुष फेटे बांधून नदीच्या वाळूवर जाऊन बसायचे. घरात उंदीर निघाला तर बायकोला हाक मारणारे हे वीर तिथं मात्र मांड्या थोपटायचे. गल्ल्या ओस पडतात, हे चोरांनाही पाठ झालेलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दंगलीच्या दिवशी मी शेजारी शेवया करायला गेले. परतले तर मागच्या दाराची कडी उचकटलेली. माहेरचा तांब्याचा हंडा, दोन घागरी, पेटीतले चांदीचे वाळे, सगळं गेलेलं.

पोलीस नाक्यावर धावले. तिथं एक म्हातारा शिपाई पेंगत होता. "समदे दंगलीला गेलेत, बाई. बंदोबस्त हाय."

तशीच नदीवर गेले. कसला बंदोबस्त! अमीनसाहेब, म्हणजे आमचे फौजदार, पुढं खुर्ची टाकून बसलेले आणि अख्खा नाका त्यांच्यामागं माना उंचावून उभा. बाईमाणूस तिथं फिरकत नसे. मी पदर खोचून सरळ खुर्चीसमोर गेले.

"साहेब, माझं घर फोडलं."

"बाजू हटो, बाई. आखरी जोड लागून राह्यली."

नवऱ्याकडं वळले. ते दबक्या आवाजात म्हणाले, "मंग सांग, घरी गेल्यावर. लोक बघून राह्यलेत."

दोन पैलवान तासभर एकमेकांच्या माना धरून म्हशींसारखे उभे होते. शेवटी कुस्ती बराबरीत सुटली. तेवढ्यात अमीनसाहेबांचा नोकर धापा टाकत आला. चोरांनी त्यांचंही घर धुऊन नेलं होतं.

मग काय, अख्खा नाका पळत सुटला! दिवस मावळायच्या आत रेल्वे स्टेशनावर दोघे चोर पकडले गेले. साहेबांना त्यांचं चांदीचं पानदान परत मिळालं. माझ्या हंड्याचं विचारलं की मात्र "तपास चालू आहे." साहेबांची बदली झाली, तपासही संपला.

जेवताना नवरा म्हणाला, "काही म्हण, कुस्ती झकास झाली." मी भाकरी आदळली आणि उठले.

पुढच्या वर्षी आम्ही गल्लीतल्या बायका मुसळं घेऊन आपापल्या दारात बसलो. एक भांडं हललं नाही. पुरुष परत आले आणि ओट्यावर बसून अमीनसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांच्या बंदोबस्ताची तारीफ करू लागले.